अक्षरांच्या घडणीचा शोध

परभणी जिल्ह्यातील सेलू या तालुक्याच्या गावाचे नाव कोणी दीर्घ उकाराने, कोणी ऱ्हस्व उकाराने लिहितो. त्याला प्रत्यय लागून सेलूत, सेलूचा, सेलूहून अशी रूपे होतात. आणि वर्धा जिल्ह्यातही सेलू नावाचा तालुका असल्यामुळे केवळ नावावरून गाव निश्चित होत नाही. अनुभवी कारकून हे भेद विनासायास ओळखतो. परंतु संगणकाला ‘सेलू’ शोधण्याची आज्ञा दिली, तर ‘सेलु’ अशी झालेली नोंद तो खुशाल वगळतो.

ही उणीव ज्या साधनाने भरून निघते, त्याचे नाव रेग्युलर एक्स्प्रेशन. त्यात नेमका शब्द न देता शब्दाची घडण सांगायची असते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी 1951 साली मज्जातंतूंच्या काल्पनिक जाळ्यांचा विचार करताना या कल्पनेचा पाया घातला. केन टॉम्प्सन यांनी 1968 साली मजकुराच्या शोधाकरिता तिची कार्यपद्धती प्रसिद्ध केली.

‘सेल[ुू]’ असे लिहिले, की चौकटी कंसातील कोणताही एक उकार संगणक ग्राह्य धरतो. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, तेथे युनिकोडच्या हिशेबात स, मात्रा, ल आणि उकार अशी चार स्वतंत्र चिन्हे असतात, म्हणूनच हे साधते.

जमिनीच्या दस्तऐवजांत या साधनाचे सामर्थ्य अधिक स्पष्ट होते. वाटणी होत गेली, की 112 या गटाचे 112/1 आणि पुढे 112/1/2 असे पोटहिस्से पडतात, आणि अंक कोणी इंग्रजी, कोणी देवनागरी लिहितो. ‘[0-9०-९]+(/[0-9०-९]+)*’ या एका ओळीत हे सर्व प्रकार सामावतात: अधिक चिन्ह ‘एक किंवा अनेक वेळा’ असे सांगते, तर क्लेनी यांच्याच नावाने ओळखली जाणारी तारका ‘एकदाही नाही, अथवा कितीही वेळा’ असे सांगते. पोटहिस्से किती पडतील हे आधी ठाऊक नसतानाही त्यांचा शोध घेता येतो, तो याच तारकेमुळे. ‘(..+)\1’ असे लिहिल्यास जे एकदा आले तेच लगोलग पुन्हा यावे अशी अट पडते, आणि हळूहळू, सळसळ यांसारखे अभ्यस्त शब्द वेचता येतात.

तथापि संगणक रूप पाहतो, अर्थ नव्हे. परभणीचे सेलू हवे असेल, तर त्याच ओळीत ‘परभणी’ही असावे, ही अट माणसालाच घालावी लागते; आणि हस्तलिखित दफ्तर टंकलिखित झाल्यावाचून त्यात असा शोध घेताच येत नाही. म्हणून हे तंत्र केवळ संगणकतज्ज्ञांच्या स्वाधीन करून भागणार नाही. नावे कशी लिहिली जातात, प्रत्यय कोठे लागतात, पोटहिस्से कसे पडतात, हे ज्या तलाठ्याला, संशोधकाला वा व्याकरणाच्या अभ्यासकाला ठाऊक आहे, त्याच्या हाती ही चिन्हे आली, तरच मराठी मजकुराचा शोध निर्दोष होईल.