इबोलाची लस : रिंगण आखून रोग अडविण्याची पद्धत

इबोला हा रोग खानदेशात कधी आढळलेला नाही. तरीही आफ्रिकेतून साथीची बातमी आली की आमचे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "यावर लस आहे का?" त्याचे थोडे सविस्तर उत्तर या अहवालात द्यावे, असे आम्हांस वाटले.

लस आहे. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांहून अधिक माणसे इबोलाने दगावली. त्यांत पाचशेहून अधिक आरोग्यसेवक होते. साथ ओसरत असताना, २०१५ साली, गिनी देशात लसीची चाचणी झाली. पद्धत आपल्या परिचयाची, देवीच्या निर्मूलनात वापरलेलीच होती. रुग्ण सापडला की त्याच्या घरची माणसे, शेजारी, शुश्रूषा करणारे आणि त्यांच्या संपर्कात आलेले लोक शोधून काढावयाचे व या रिंगणातील सर्वांना लस टोचावयाची. लस घेतलेल्या ५,८३७ जणांपैकी एकालाही दहा दिवसांनंतर इबोला झाला नाही. न घेतलेल्यांत २३ रुग्ण आढळले. २०१९ मध्ये 'एर्व्हेबो' या नावाने तिला युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

गुरांच्या व घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा एक विषाणू आहे. त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिन काढून तेथे इबोलाचे प्रथिन बसविले, की ही लस तयार होते. शरीर त्या प्रथिनाची ओळख ठेवते. संपूर्ण इबोला विषाणू लसीत नसल्याने तिच्यापासून तो रोग होण्याची भीती नाही.

येथे एक नाते नमूद करण्याजोगे आहे. गुरांचा हा विषाणू आणि आपल्याकडील चांदीपुरा विषाणू एकाच कुळातील. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या नमुन्यांत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याने बालकांचे बळी घेतले. त्यावर मात्र अद्याप मान्यताप्राप्त लस नाही. धुळे जिल्ह्यातील पालकांनी काळजी करावयाची, तर आमच्या मते इबोलापेक्षा याची करावी. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरविते. मुलास तीव्र ताप येऊन झटके आल्यास एक तासही दवडू नये.

एर्व्हेबोलाही मर्यादा आहेत. ती उणे साठ अंशांखाली साठवावी लागते, आणि इबोलाच्या केवळ 'झैरे' या प्रकारावरच चालते. २०२२ मध्ये युगांडात 'सुदान' प्रकाराची साथ आली, तेव्हा ती निरुपयोगी ठरली. त्या वेळी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रायोगिक लसीच्या हजारो मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अल्पावधीत तयार करून दिल्या. त्या पोहोचल्या, पण तोवर साथ ओसरली होती व चाचणी होऊ शकली नाही. साथ संपली ही आनंदाची गोष्ट; लसीची परीक्षा मात्र राहून गेली.

रिंगण आखावयाचे, तर पहिला रुग्ण वेळीच ओळखला गेला पाहिजे. इबोलाची लक्षणे संसर्गानंतर २ ते २१ दिवसांत दिसतात. म्हणून तापाच्या रुग्णास गेल्या तीन आठवड्यांतील प्रवासाविषयी विचारले, तर नातेवाइकांनी त्याचा राग मानू नये.