फाट्यावर बसून गाड्या मोजणारी ही पोरं कोण? तुमच्या रस्त्याची जाडी त्यांच्या कागदावर ठरते

मे महिन्याची दुपार. फाट्यावर कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकून कॉलेजची मुलं बसलेली. मांडीवर पॅड, हातात पेन. गाडी गेली की कागदावर एक रेघ. गावात लगेच चर्चा सुरू होते: टोल बसणार, जमीन जाणार, नाहीतर कुठलं तरी बायपासचं काम निघालं.

बहुतेक वेळा असं काही नसतं. ही सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं असतात. रस्त्याचा आराखडा करणाऱ्या सल्लागाराकडे किंवा बांधकाम खात्याकडे उन्हाळी सुट्टीत इंटर्नशिपला, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकायला आलेली. वाहतूक अभियांत्रिकीत नवख्याच्या हाती अनेकदा पहिलं काम येतं ते हेच, वाहन मोजणी.

पद्धत प्राथमिक शाळेतलीच. ताळ्याच्या खुणा! चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. कागदावर मोटारसायकल, रिक्षा, जीप-कार, टेम्पो, एसटी, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, बैलगाडी असे रकाने असतात आणि तास बदलला की नवा कागद. ग्रामीण रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तिकेत 3 दिवस, रोज 24 तास मोजणी सांगितली आहे. म्हणजे रात्रपाळी आलीच. समोरून नुसते दिवे येतात, टेम्पो की ट्रक हे गाडी पुढ्यातून जाईपर्यंत कळत नाही. डुलकी लागली तर तेवढ्या गाड्या हिशेबातून गेल्या.

या रेघांचे पुढे दोन हिशेब होतात. पहिला रुंदीचा. इथे प्रत्येक वाहन कारच्या मापात मोजतात. कार 1, मोटारसायकल अर्धी, ट्रक किंवा एसटी 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी थेट 8. मुलांना याचं हमखास नवल वाटतं. पण बैलगाडी सावकाश चालते, मागे रांग लागते, म्हणून तिचा आकडा मोठा.

दुसरा हिशेब जाडीचा, आणि गावाच्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे. जाडी काढताना मोटारसायकली धरतच नाहीत, दिवसाला हजार गेल्या तरी. धरतात ती 3 टनांवरची मालवाहू वाहनं आणि बस. गाडी भरलेली होती की रिकामी, हेही नोंदवावं लागतं. कारण रस्ता मोडतो तो आसावर, म्हणजे ॲक्सलवर पडणाऱ्या वजनाने. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण 16 पट होतं. जाणकार ट्रॅक्टरवाल्यालाही हा आकडा पटकन पटणार नाही, पण जगभर रस्त्यांची गणितं याच अंदाजावर चालतात.

खालच्या मातीचाही हिशेब असतो. नमुना 4 दिवस पाण्यात भिजवून तिची ताकद तपासतात. काळी माती तिथे बऱ्याचदा नापासाच्या जवळ असते. पण माती बारा महिने तीच राहते. वाहतूक राहत नाही.

इंटर्नशिप उन्हाळ्यात होते. उसाचा गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत उरकतो. म्हणजे पोरं खुर्च्या टाकून बसतात तेव्हा दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या रस्त्यावर नसतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा रकाना जवळपास रिकामा राहतो. मग टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "आत्ता काय मोजताय? दिवाळीनंतर या." शेरा मस्करीचा असतो, पण मुद्दा बरोबर आहे. नुसत्या मे महिन्याच्या आकड्यावर जाडी ठरली, तर पहिल्या दोन-तीन हंगामांतच चाकोरी पडते. मग दोष एकट्या ठेकेदाराला दिला जातो.

नियमात याची सोय आहे. मोजणी सुगीत एकदा आणि सुगी नसताना एकदा, अशी दोन्ही वेळा व्हावी असं अपेक्षित आहे. सुगीतली जास्तीची वाहतूक वेगळी धरण्याचं सूत्रही दिलेलं आहे. पण त्या सूत्रात घालायला हंगाम किती दिवस चालतो आणि तेव्हा वाहतूक किती पट होते, हे कुणीतरी सांगावं लागतं. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला ते कुठून ठाऊक असणार?

म्हणून मोजणी दिसली तर पोरांना हुसकावू नका, रात्री चहा द्या आणि हंगामाची माहिती लिहून घ्यायला लावा. कागदाला शेरा जोडता येतो. त्याहून पक्कं काम म्हणजे ग्रामसभेचा ठराव. कोणत्या महिन्यांत, कोणत्या कारखान्याकडे, रोज अंदाजे किती ट्रॉल्या या रस्त्याने जातात, हे त्यात लिहून तो रस्ता ज्या खात्याकडे असेल तिथे द्यायचा आणि पोच घ्यायची. आराखडा आधीच झाला असेल, तर त्याच कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात एकच गोष्ट मागितली तरी पुरते: या रस्त्यावर वाहन मोजणी कोणत्या तारखांना झाली, त्याचे कागद.