श्वानसेवा करा, पण आधी लस टोचून घ्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजात जाणारा एक मुलगा सर्दीखोकल्यासाठी दवाखान्यात आला. नाडी बघताना त्याच्या मनगटावर दोन बारीक ओरखडे दिसले. विचारले, तर म्हणाला, "काही नाही डॉक्टरकाका, पिल्लाचा दात लागला. चार दिवस झाले. हळद लावली होती."

"कुणाचं पिल्लू?"

"आमच्या आश्रमातलं. रस्त्यावरून आणलं होतं. परवा मेलं बिचारं."

मी चिठ्ठी लिहायची थांबवली. जखम साबणाने धुतली आणि त्याला तडक जिल्हा रुग्णालयात धाडले. तेथे जखमेत सीरम दिले, लस सुरू केली. सगळे डोस पूर्ण झाले, मुलगा आज ठणठणीत आहे. पिल्लाला रेबीज होता की नाही, हे मात्र कधीच कळले नाही.

पुढच्या रविवारी मी तो आश्रम पाहायला गेलो. गावाबाहेरच्या जुन्या गोठ्यात ही मुले गाडीखाली सापडलेली, खरजेने केस गेलेली कुत्री सांभाळतात. स्वच्छता पाहून समाधान वाटले. प्रत्येक कुत्र्याला लस कधी दिली, त्याची तारीखवार वहीही होती. मी विचारले, "आणि तुमची वही?" अकरा जण एकमेकांकडे बघू लागले. एकानेही लस घेतलेली नव्हती. तेवढ्यात एका मुलीने मलाच विचारले, "डॉक्टर, तुम्ही घेतलीय?" माझ्या मांडीवर एक लंगडे कुत्रे येऊन बसले होते. मीही घेतलेली नव्हती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वाचकहो, रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात आणि लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच असू शकतात. म्हणून शांत दिसणारे कुत्रे निर्धोक असेलच असे नाही. पिल्लांना पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, त्यामुळे लहान पिल्लू चावले तरी ते हसण्यावारी नेऊ नये. विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतात. याला काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढाच काय तो आपल्या हाती असलेला वेळ. एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

जे नेहमी कुत्र्यांत वावरतात, त्यांनी चावा होण्याआधीच लस घ्यावी. एक इंजेक्शन आज, दुसरे सातव्या दिवशी, तिसरे एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढे कुत्रे चावले तर जखम धुऊन त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, असे दोनच डोस पुरतात. सीरम लागत नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता सोडा. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात.

लस घेतलेली असो वा नसो, चावा किंवा ओरखडा झाला तर एवढे करा :

१) जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा.

२) हळद, तिखट, चुना काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.

३) त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष जरूर ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.

४) धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही डॉक्टरांना सांगा.

खरूज झालेल्या कुत्र्याला हाताळताना हातमोजे घाला, विष्ठा उचलताना पायात बूट ठेवा आणि घरी जाण्यापूर्वी हात साबणाने धुवा.

आज त्या आश्रमात दोन वह्या आहेत. माणसांच्या वहीत बारा नावे आहेत. बारावे माझे. तिन्ही तारखांपुढे खूण झाल्यावरच मुलांनी मला पुन्हा कुत्र्यांजवळ जाऊ दिले. मुक्या जिवांची सेवा पुण्याचीच. पण घरी आपली वाट पाहणारी माणसेही आहेत, हे विसरू नये.