मोठ्याचे कालवण : स्वस्त मांस मऊ कसे होते आणि त्याची लाज का नको

रविवारी विहारातला अभ्यासवर्ग संपला की आमच्या गटात एकच प्रश्न उरतो, आज शिजवायचे काय? पंधरा-वीस जण, त्यातले निम्मे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी. वर्गणी काढली तरी मटणाचा हिशोब बसत नाही. म्हणून एकदा आम्ही मोठ्याचे मांस आणले, तेही सगळ्यात स्वस्त, हाडासकट नळीचे. मोठ्या आचेवर तासभर खळखळ उकळले आणि वाढले. चावून चावून जबडे दुखले. वस्तीतल्या एका आजींनी पातेल्यात डोकावून सांगितले, "अरे, हे अजून शिजलंच नाही. झाकण ठेवा, आच बारीक करा आणि जरा दम धरा." दोन तासांनी तेच मांस बोटाने तुटत होते.

असे का होते, हे समजून घेतले तर स्वस्त मांस पुन्हा कधी वाया जाणार नाही.

जनावर ज्या अवयवांनी चालते, उभे राहते, मान हलवते, तिथले स्नायू सतत राबतात. पाय, मान, खांदा, छाती हे ते भाग. राबणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे, चिवट धागे जास्त असतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. पाठीच्या आतल्या बाजूचा 'अंडरकट' फारसा राबत नाही, म्हणून तो मऊ, लवकर शिजणारा आणि महाग. नळीचे मांस चिवट, म्हणून स्वस्त.

पण हेच कोलॅजन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, ओलाव्यात, हळूहळू विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. रश्शाला जो दाटपणा येतो, ओठाला ओठ चिकटतात, तो जिलेटिनमुळे. याला वेळ लागतो, आच मोठी करून तो फारसा वाचत नाही. उलट खळखळ उकळले की मांसाचे तंतू आवळतात, आतले पाणी पिळून निघते आणि कोलॅजन विरघळायच्या आधीच मांस कोरडे पडते. आमचे नेमके तेच झाले होते.

आता कृती. चार-पाच जणांसाठी हाडासकट १ किलो नळीचे मांस घ्या. तुकडे मोठे ठेवा, लहान केले तर शिजून चुरा होतो. दीड चमचा मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे आले-लसूण लावून किमान तासभर ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगले तापवा आणि तुकडे थोडे थोडे टाकून सगळ्या बाजूंनी तांबूस करा. एकदम सगळे टाकले तर पाणी सुटते आणि मांस परतण्याऐवजी उकडते. तुकडे काढून त्याच तेलात ३ मोठे कांदे तपकिरी होईपर्यंत परता. भाजलेले सुके खोबरे आणि लसूण यांचे वाटण, दोन चमचे काळा मसाला, चवीप्रमाणे तिखट घाला. बुडाला चिकटलेले खरवडून घ्या, चव तिथेच असते.

मांस परत घाला आणि तुकडे अर्धे बुडतील इतकेच गरम पाणी ओता. घट्ट झाकण ठेवा. आच इतकी बारीक हवी की रश्शावर अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा. अडीच ते तीन तास लागतात. अर्ध्या तासाने एकदा बघा, पाणी आटले असेल तर गरमच पाणी घाला. गॅस वाचवायचा असेल तर कुकर वापरा. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ४० ते ४५ मिनिटे ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शेवटी दोन चमचे येसूर पाण्यात कालवून लावा आणि दहा मिनिटे उकळा. मराठवाड्यातल्या आपल्या आया-आज्या भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे हे पीठ लावून थोड्या मांसाचा रस्सा सगळ्या घराला पुरवत. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा.

आता कायद्याचे. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती बंदी लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत, त्यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. म्हशीचेच मांस घ्या, परवानाधारक दुकानातून घ्या, पावती मागा आणि ती जपून ठेवा.

"बौद्ध असून हे खाता?" हा प्रश्न आपल्यातलेही विचारतात. पाली साहित्यात याची चर्चा आहे. मज्झिम निकायातल्या जीवक सुत्तात, आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका असेल ते मांस भिक्खूने घेऊ नये, असे सांगितले आहे. विनयात भिक्खूंना दहा प्रकारचे मांस वर्ज्य आहे. त्यात हत्ती, घोडा, कुत्रा, साप, वाघ आहेत, गाय किंवा म्हैस नाही. पहिल्या शीलाचा अर्थ लावून ज्यांनी मांस सोडले, त्यांचा आम्ही आदर करतो आणि त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पिठले करतो. पण तो त्यांचा निर्णय, दुसऱ्याच्या ताटाचा न्यायनिवाडा नव्हे.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, हेही विसरून चालणार नाही. गावाने फेकलेले ढोर ओढायचे आणि तेच खायचे, ही गुलामी त्यांना मोडायची होती. पैसे मोजून, तपासलेले मांस घेऊन, आपल्या चुलीवर शिजवणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोन्हींची गल्लत करून आपल्याला हिणवणाऱ्यांना हा फरक शांतपणे सांगता आला पाहिजे.

आमच्यातले कितीतरी जण भाड्याच्या खोलीत डबा उघडताना अजूनही दार लावून घेतात. खोली जाईल ही भीती खरी आहे, त्यांना आम्ही दोष देत नाही. म्हणूनच महिन्यातून एका रविवारी आम्ही एकत्र शिजवतो. मांस चुलीवर असते ते तीन तास वाचन आणि चर्चा चालते. मग दार उघडे ठेवून, पंगत मांडून जेवतो. तुमच्या वस्तीतही हे करून पाहा. आणि कृती आजीला विचारून घ्या, ती लिहून ठेवा. आमच्या आजींची आम्ही वहीत उतरवली आहे.

जय भीम!