शाळकरी मुलांचा ‘चालता’ न्युमोनिया

न्युमोनिया म्हटला कीं अंथरुणास खिळलेलें, धापा टाकणारें मूल डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या रोगाचा एक प्रकार असा आहे कीं, त्याचा रोगी दप्तर घेऊन वर्गांत येतो, हजेरी देतो आणि दिवसभर खोकत बसतो. पाश्चात्य डॉक्टर यास ‘चालता न्युमोनिया’ म्हणतात. मायकोप्लाझ्मा न्युमोनिये हा त्याचा जंतु. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. म्हणूनच शाळेच्या वार्षिकांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

हा जंतु मोठा चमत्कारिक आहे. १९४४ सालीं ईटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो रोग्यांच्या थुंकींतून वेगळा केला, तेव्हां तो विषाणूच असावा असें पुष्कळांस वाटलें. १९६२ सालीं चॅनॉक, हेफ्लिक व बराइल यांनीं तो निर्जीव खाद्यावर वाढवून दाखविला, आणि तो विषाणू नव्हे हें ठरलें. इतर बहुतेक जंतूंच्या अंगाभोंवतीं एक कठीण भिंत असते. यास ती मुळींच नाहीं. पेनिसिलिन व ॲमॉक्सिसिलिन हीं औषधें ती भिंत बांधूं देत नाहींत, म्हणून इतर जंतु मरतात. जेथें भिंतच नाहीं तेथें तीं काय करणार? मागच्या वर्षींच्या उरलेल्या गोळ्या पोरास चारणाऱ्या पालकांनीं एवढी गोष्ट तरी ध्यानांत घ्यावी.

आजार हळूहळू चढतो. आरंभीं डोकें दुखतें, घसा खवखवतो, अंग मोडून येतें, ताप येतो. मग कोरडा खोकला सुरू होतो व रात्रीं तो अधिक छळतो. पांच वर्षांखालील मुलांत छातींत सूं-सूं आवाज, वांती किंवा जुलाब हीं लक्षणें दिसूं शकतात. कित्येकदां नळीनें छाती तपासतां फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं, पण एक्स-रेमध्यें मात्र फुप्फुसावर डाग दिसतो. अमरावती-अकोल्याकडे कापसाचा हंगाम ऐन भरांत असला म्हणजे अशा खोकल्याचें खापर रुईच्या धुळीवर फोडण्यांत येतें. कधीं तें खरेंहि असतें. परंतु धुळीनें ताप येऊन घरांतील भावंडें एकामागून एक पडत नाहींत.

एकामागून एक पडणें ही याची खरी खूण होय. खोकल्याच्या तुषारांतून जंतु दुसऱ्यांत शिरतो व बहुधा दोन ते तीन आठवडे गुप्त राहतो. त्यामुळें एका बाकावरील मुलगा बरा होऊन परततो, तेव्हां कोठें शेजारचा खोकूं लागतो. दर तीन ते सात वर्षांनीं याची मोठी लाट येते. २०२३ च्या अखेरीस उत्तर चीनमधील इस्पितळें मुलांनीं भरलीं, त्यांत या जंतूचाहि वांटा होता. एकदां होऊन गेला म्हणून पुन्हां होणार नाहीं, असेंहि नाहीं.

बहुतेक मुलें बरीं होतात, पुष्कळशीं औषधावांचूनहि. औषध लागलेंच तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखें देतात. मात्र चीन व जपान येथें त्यास दाद न देणारे जंतु पुष्कळ आढळले आहेत. ओठ व तोंड सोलून निघणें, अंगावर पुरळ, बरळणें किंवा झांपड हीं चिन्हें दिसतांच मुलास इस्पितळांत न्यावें.

घरांतील तान्ह्यांकडे मात्र निराळ्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. विदर्भांत त्यांच्या न्युमोनियास कोठें कोठें ‘डब्बा’ म्हणतात. तो बहुधा दुसऱ्या जंतूंचा असतो व झपाट्यानें जीवावर बेततो. मूल शांत असतां त्याचे श्वास मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आंतील मुलास ५०, व एक ते पांच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा बरगड्यांखालीं छाती आंत ओढली जाऊं लागली, तर सकाळची वाट न पाहतां निघावें. मेळघाटांत आजारी बाळाच्या पोटावर डागण्या दिल्याचे प्रकार अलीकडेहि उघडकीस आले आहेत. त्यानें रोग तर हटत नाहींच, आणि मोलाचा वेळ जातो.

शाळकरी रोग्याचा ताप उतरला तरी खोकला तीनचार आठवडे रेंगाळतो. तेवढे दिवस त्यास कवायतींतून सूट द्यावी.