दगड सापडला, पण तो पुरला कधी?

शांती पप्पू हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल. पण भारतात आपले पूर्वज किती काळापासून राहतात, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललं, त्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून पीएच.डी. केलेल्या या पुरातत्त्वज्ञांनी १९९९ साली चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे उत्खनन सुरू केलं. पुढे कुमार अखिलेश आणि इतर तज्ज्ञांसोबत त्या वर्षानुवर्षं याच जागेचा अभ्यास करत राहिल्या.

जागा तशी नवी नव्हती. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ च्या मे महिन्यात पल्लावरमला दगडी हातकुऱ्हाड मिळाली आणि त्याच वर्षी अत्तिरमपक्कमही सापडलं. मग पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तिचं वय का कळलं नाही?

कारण दगडाचं वय आणि हत्याराचं वय या दोन वेगळ्या गोष्टी. दगड कोट्यवधी वर्षं जुना असू शकतो. आपल्याला हवं असतं ते माणसाने तो घडवून टाकला आणि मातीखाली गेला, त्याचं वय. कार्बन डेटिंग इथे कामाचं नाही. त्याला एकेकाळी सजीव असलेला पदार्थ लागतो आणि त्याची मर्यादाही साधारण ५० हजार वर्षांची. आपल्या पुणे जिल्ह्यातलं कुकडीकाठचं बोरी आठवा. तिथे हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख मिळाली, पण ती लाखो वर्षांपूर्वीची की सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबा उद्रेकाची, यावर वाद झाला.

म्हणून अत्तिरमपक्कमला एकाच पद्धतीवर भिस्त ठेवली नाही. जमिनीवर उघड्या पडलेल्या क्वार्ट्झवर वैश्विक किरण आदळतात आणि त्यात अॅल्युमिनियम-२६ व बेरिलियम-१० ही किरणोत्सारी मूलद्रव्यं तयार होतात. दगड खोल पुरला गेला की नवी भर जवळजवळ थांबते. आधीची मात्र घटत राहतात, आणि अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट वेगाने घटतं. म्हणजे दोघांचं गुणोत्तर हेच घड्याळ! दुसरी तपासणी मातीतल्या चुंबकीय खुणांची. सर्वांत खालच्या हातकुऱ्हाडींच्या थरात या खुणा आजच्या उलट दिशेच्या निघाल्या. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं उलटलं ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे थर त्याआधीचा.

२०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला: या हातकुऱ्हाडी किमान १०.७ लाख, आणि सरासरी सुमारे १५ लाख वर्षं जुन्या. अनेकांच्या अंदाजापेक्षा खूपच जुन्या!

वरच्या थरांत गोष्ट आणखी रंगते. मोठ्या हातकुऱ्हाडी कमी होतात आणि आधी गाभा नीट तयार करून त्यातून हव्या आकाराचे छिलके काढण्याचं तंत्र दिसतं. वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे मोजणाऱ्या ल्युमिनेसन्स पद्धतीने या बदलाचं वय आलं ३ लाख ८५ हजार वर्षं, अधिक-उणे ६४ हजार. हे २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं महत्त्व कशाला? कारण बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे तंत्र आधुनिक मानवाने सव्वा लाख वर्षांपूर्वी किंवा त्यानंतर भारतात आणलं. मग त्याच्या कितीतरी आधी ते इथे कोण वापरत होतं? इथल्याच जुन्या मानवांनी ते शोधलं, की आफ्रिकेतून आधीही कुणी आलं होतं? अत्तिरमपक्कमला मानवी हाडं मिळालेली नाहीत. १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा इथे कवटीचा भाग मिळाला, पण असे पुरावे आपल्याकडे अगदी मोजके. त्यामुळे हत्यारं कुणी केली, हे दगड सांगत नाहीत, आणि या संशोधकांनीही ते ठामपणे सांगितलेलं नाही.

पुढच्या वेळी ‘सर्वांत जुना मानव सापडला’ अशी बातमी दिसली, तर तीन गोष्टी शोधा: वस्तू कुठल्या थरातली, वय कुठल्या पद्धतीने काढलं आणि अधिक-उणे किती. त्या बातमीत नसतील, तर मूळ शोधनिबंध उघडून बघा. बहुतेक वेळा गोषवाऱ्यातच उत्तर मिळतं.