जांघेतली गाठ आणि तालुक्याचं ऑपरेशन थिएटर

गडहिंग्लज ते कोल्हापूर सत्तरएक किलोमीटर. एरवी कामासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याचं हे अंतर. पण जांघेतला हर्निया अडकला, आत सापडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला आणि रुग्ण चंदगडकडच्या एखाद्या वाडीतून निघाला असेल, तर हेच अंतर जिवावर बेततं. आतडं काळं पडायला काही तास पुरतात. उपजिल्हा रुग्णालय आणि गावातली छोटी इस्पितळं महत्त्वाची ठरतात ती इथे. गडहिंग्लज परिसराबरोबर आजरा, चंदगड आणि संकेश्वरच्या बाजूची कन्नड बोलणारी माणसंही इथे येतात. दुखणं कुठल्या भाषेत समजून घ्यायचं, इथपासूनच शिकाऊ डॉक्टरची परीक्षा सुरू होते.

एमबीबीएसच्या 2019 सालच्या नव्या अभ्यासक्रमात ‘इलेक्टिव्ह’ची सोय झाली. ठरावीक काळ कुठल्या विषयात घालवायचा, हे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचं. मोठ्या शहरातल्या नामांकित विभागाकडे ओढा असणं स्वाभाविक आहे. तरीही ज्याला सर्जरी करायची आहे त्याने हा काळ तालुक्याच्या थिएटरमध्ये काढावा, असं माझं ठाम मत आहे. मेडिकल कॉलेजात टेबलाभोवती प्राध्यापक, लेक्चरर, दोन-तीन रेसिडेंट उभे असतात. एमबीबीएसचा विद्यार्थी त्यांच्या खांद्यांवरून जमेल तेवढं पाहतो. छोट्या इस्पितळात सर्जनसमोर दुसरे हात कमीच असतात. हात धुऊन, गाऊन चढवून तो थेट टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहतो.

शिकायला हर्नियासारखं ऑपरेशन नाही. जांघेत पाच-सहा सेंटिमीटरचा छेद. त्वचा, चरबी, आणि मग खाली मोत्यासारखा पांढरा चकचकीत पडदा. तो उघडताना लगतची बारीक नस जपायची; ती कापली गेली किंवा टाक्यात सापडली, तर रुग्णाला जांघेत बधिरपणा किंवा कायमची ठसठस. वीर्यवाहिनी आणि रक्तवाहिन्यांचा दोर अलगद उचलून फितीत धरायचा, त्याला चिकटलेली हर्नियाची पिशवी सोडवायची. इथे घाई चालत नाही. ॲनाटॉमीच्या पहिल्या वर्षी पाठ केलेलं सगळं इथे ओलं, उबदार आणि हलतं असतं. रिट्रॅक्टर नेमका किती ओढायचा, टाक्याचा धागा गाठीच्या किती वर कापायचा, हे पुस्तकातून कळत नाही. सर्जन नुसता ‘जरा सैल’ म्हणतो आणि मनगटाला समजतं. भूलतज्ज्ञ प्रत्येक दिवशी मिळतोच असं नाही, म्हणून लिग्नोकेन टोचून फक्त तेवढाच भाग बधिर करून हे ऑपरेशन करता येतं, हेही विद्यार्थी इथेच पाहतो. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. त्याला खोकायला सांगून दुरुस्ती टिकते का, हे टेबलावरच तपासता येतं.

पिशवी आत गेली की कमकुवत जागेवर जाळी बसवायची. ताण न देता जाळीने ही दुरुस्ती करण्याची पद्धत अमेरिकन सर्जन आयर्विंग लिक्टेनस्टाईन यांनी 1980च्या दशकात रूढ केली आणि हर्निया पुन्हा उलटण्याचं प्रमाण खूप खाली आलं. अडचण एकच, कंपनीची जाळी महाग. या अडचणीवर धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात उत्तर सापडलं. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं. नायलॉनचं कापड चालत नाही, कारण शरीरात त्याची ताकद हळूहळू जाते. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं, कीटकनाशक न लावलेलं कापड मात्र कंपनीच्या जाळीच्या जवळपास जातं. तुकडे कापायचे, धुवायचे, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक करायचे. तापमान त्याच्या फार वर गेलं तर धागा आकसतो, म्हणून ऑटोक्लेव्हच्या काट्यावर लक्ष ठेवणं हाही ऑपरेशनचाच भाग. टोणगावकर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या साडेतीनशेहून अधिक हर्नियांवरचा अनुभव 2003 साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला.

पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना कंपनीची. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तो अभ्यास छापला. खानदेशातल्या एका गावातल्या सर्जनने ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, ती जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. महाराष्ट्रात सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवं.

दक्षिण महाराष्ट्राला अशी परंपरा नवी नाही. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडलं आणि 1897 साली त्याला जोडून वैद्यकीय शाळा काढली. शिकणारी मुलं रुग्णालयाच्या कामातूनच तयार होत. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत काम करणं सक्तीचं केलं आहे. पाऊल योग्यच आहे. पण विद्यार्थी एमबीबीएसला असतानाच हे घडलं, तर पुढे सर्जन होऊन तालुक्यात राहण्याचा विचार तरी त्याच्या मनात येईल.

छोट्या इस्पितळात आणखी एक गोष्ट मिळते, ती कॉलेजच्या धावपळीत सहसा निसटते. ज्याच्या ऑपरेशनला हात लावला, तोच माणूस आठ-दहा दिवसांनी टाके काढायला समोर येतो. जखम कोरडी आहे का, खाली पाणी साचलंय का, नस दुखावली का, हे त्याच विद्यार्थ्याला बोटांनी चाचपून पाहता येतं. मग तो ऊसतोडीचा मजूर विचारतो, मोळी कधीपासून उचलायची? थांबायला सांगितलं तर हंगामाची मजुरी बुडते. लगेच होकार द्यावा तर भरत आलेल्या जागेवर ताण. सर्जन विद्यार्थ्याकडे वळून विचारतो, ‘तुम्ही काय सांगाल?’